जिवाणूची पुडी लावूनही सोयाबीनच्या मुळांवर गाठी नाहीत, आणि आल्याच तर आतून पांढऱ्या: काय बिघडतं, कुठे बिघडतं

जुलैचा तिसरा आठवडा लागला की आमच्या अंगणात एक तक्रार ठरलेली. मागच्या खरिपात ती घेऊन आले ते धुऱ्याला धुरा लागून वावर असलेले शेजारी. हातात नुकतंच उपटलेलं सोयाबीनचं झाड. "वहिनी, पुडी तं बराबर लावली व्हती. मंग गाठी काहून नाही? आन् पीक पाहा कसं पिवळं पडून राह्यलं. युरिया फेकू का?"

पुडी म्हणजे पेरताना बियाण्याला लावायचं रायझोबियम जिवाणूंचं खत; हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, पिकाला देतात. मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात आमची घरची शेती आहे, थोडी भारी काळी, थोडी मुरमाड. त्यामुळे हा प्रश्न मला फळ्यावरही भेटतो आणि वावरातही. बऱ्याच हंगामांत झाडं खणून, गाठी कापून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. "गाठी नाहीत" ही एक तक्रार वाटते, पण तिच्यामागे चार-पाच वेगवेगळे बिघाड असतात. मूळ आणि जिवाणू यांच्यात एक लांबलचक व्यवहार चालतो. तो कोणत्या पायरीवर तुटला हे कळलं तरच इलाज सापडतो. ते न पाहता टाकलेला युरिया बहुतेक वेळा तोच व्यवहार मोडतो.

आधी झाड नीट काढा

शेजाऱ्यांच्या हातातल्या झाडाला मुळं जवळजवळ उरलीच नव्हती. ओल्या काळ्या मातीतून झाड ओढलं की बारीक मुळं तुटतात आणि गाठी मातीतच राहतात. मग "गाठी नाहीत" असं वाटतं. आम्ही फावडं घेऊन त्यांच्या वावरात गेलो. झाडाच्या चारही बाजूंनी वीतभर अंतर ठेवून ढेकळासकट झाड उचललं, पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवलं आणि माती हातानं न चोळता हलकेच विसळली. सोटमुळाच्या वरच्या भागात, जमिनीपासून दोन-तीन बोटं खाली, बाजरीच्या दाण्याएवढ्या अकरा गाठी निघाल्या. शेजारी बराच वेळ नुसते पाहत राहिले.

एक खबरदारी. सूत्रकृमीमुळेही मुळांवर गाठी येतात. फरक ओळखायला सोपा आहे. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं टिचकी मारली की अख्खी सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती वेगळी होत नाही.

मग दाढीच्या ब्लेडनं गाठ मधोमध कापायची आणि लगेच रंग पाहायचा, कारण हवा लागली की रंग बदलू लागतो. कच्च्या मांसासारखा गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ कामाला लागली आहे. पांढरी असेल तर एकतर ती कोवळी आहे, नाहीतर आत जिवाणू आहेत पण नत्र बांधला जात नाही. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं आयुष्य सरलं. शेजाऱ्यांच्या अकरा गाठींपैकी बहुतेकांत फिकट गुलाबी रंग नुकताच धरू लागला होता. पेरणीला तेव्हा बावीस-तेवीस दिवस झाले होते.

सोयाबीनचं गणित या वयात असं असतं: दाण्यातल्या डाळिंब्यांची शिदोरी संपत आलेली आणि गाठींचं उत्पन्न अजून सुरू व्हायचं. मधले आठ-दहा दिवस झाड उपाशी असतं. खालची जुनी पानं थोडी पिवळटतात. हा आजार नाही. गाठी साधारण चौथ्या आठवड्यापासून जोर धरतात आणि फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत त्यांचं काम सर्वात जोरात चालतं.

मुळं हाक मारतात, जिवाणू ओळख देतात

पुढचे सगळे बिघाड समजायला हा भाग लागतो, म्हणून इथे जरा थांबते.

हवेत पाऊण हिश्शापेक्षा जास्त नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं इतके घट्ट जखडलेले असतात की झाडाला तो घेता येत नाही. खत कारखान्यात तो बंध तोडायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. गाठीतला जिवाणू तेच काम आपल्या मातीच्या तापमानात करतो. हे काम गाठींतून होतं हे १८८८ मध्ये जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला.

सुरुवात झाड करतं. सोयाबीनचं मूळ मातीत डायडझीन आणि जेनिस्टीन नावाची फ्लॅव्होनॉइड द्रव्यं सोडतं. मातीतल्या ब्रॅडीरायझोबियम, म्हणजे सोयाबीनच्या रायझोबियम, जिवाणूच्या पेशीत नॉड-डी नावाचं प्रथिन असतं, ते ही हाक ऐकतं आणि जिवाणूची काही जनुकं जागी करतं. मग जिवाणू उत्तरादाखल एक रेणू तयार करतो, त्याला नॉड घटक म्हणतात. चार-पाच शर्करा-कड्यांची छोटी साखळी आणि तिच्या एका टोकाला तेलकट शेपूट. या कड्या कायटिनच्या, म्हणजे ज्यापासून किड्यांचं कवच आणि बुरशीची भिंत बनते त्याच.

मला या व्यवहारातली ही गोष्ट सर्वात विलक्षण वाटते. कायटिन म्हणजे झाडाच्या दृष्टीनं शत्रूची खूण. बुरशी आली की झाड तिच्या कायटिनवरूनच सावध होतं. आणि इथे मित्र येतो तो जवळपास त्याच द्रव्याची ओळख घेऊन. फरक आहे तो शेपटीत आणि कड्यांवर लटकवलेल्या लहान-सहान रासायनिक गटांत. तिन्हीसांजेला गावची जनावरं परत येताना अंधारातही प्रत्येक घराला आपल्या बैलजोडीच्या घुंगरमाळेचा आवाज कळतो, तसं मूळ आपल्या जिवाणूची ही माळ ओळखतं. ओळखणाऱ्या दोन ग्राही प्रथिनांना एनएफआर-१ आणि एनएफआर-५ म्हणतात; त्यांची जनुकं २००३ मध्ये लोटस नावाच्या एका लहान शेंगवर्गीय रोपात सापडली. ही ओळख किती तल्लख असते पाहा: लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा लाखावा भाग नॉड घटक असला तरी मूळ जागं होतं.

मग मूलरोम, म्हणजे मुळावरचा बारीक केस, फळं तोडायच्या आकडीसारखा वळतो आणि त्या वळणात जिवाणू पकडतो. मुळाच्या पेशीकेंद्रात कॅल्शियमची पातळी मिनिट-दोन मिनिटांच्या ठेक्यानं वर-खाली होऊ लागते. एक प्रथिन हा ठेका वाचतं आणि निन नावाचं जनुक चालू होतं. तोवर जिवाणू बाहेरच, केसाच्या वळणात असतात, पण मुळाच्या आत पेशी विभागायला लागलेल्या असतात. पाहुणे ओसरीवर असतानाच आत त्यांच्यासाठी खोली बांधायला घेतलेली असते. केसाची भिंत आत ओढली जाऊन एक नळी तयार होते. त्या नळीतून जिवाणू वाढत-वाढत खोलीपर्यंत पोचतात आणि तिथे झाडाच्याच पापुद्र्यात गुंडाळले जाऊन पेशीत उतरतात. झाड त्यांना साखरेपासून केलेल्या मॅलेटच्या रूपात जेवण देतं, ते अमोनिया देतात. सोयाबीन त्या अमोनियापासून अॅलंटॉइनसारखी द्रव्यं करून वर पानांकडे धाडतं.

यात वावराच्या कामाची एक गोष्ट आहे. प्रत्येक मूलरोम असा वळत नाही. मुळाच्या टोकामागचे अगदी कोवळे केसच वळतात आणि ती संधी काही तासांची असते. मूळ पुढे वाढलं की मागचा भाग दार बंद करतो. म्हणूनच जिवाणू दाण्याला चिकटलेला हवा. पहिलं मूळ फुटताना तो शेजारी असला तर सोटमुळाच्या माथ्याशी गाठींचा झुबका येतो. माथा कोरा आणि दूरच्या फाट्यांवर तुरळक गाठी असं दिसलं तर समजायचं, पुडीतला जिवाणू वेळेवर हजर नव्हता. नंतर मुळांना मातीतला जुना जिवाणू भेटला.

गाठ एकही नाही: पुडी तपासा, पण वावराचा इतिहास आधी

सोयाबीन आपल्याकडे जुनं नाही. पिवळ्या सोयाबीनची पद्धतशीर लागवड मध्य भारतात १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि विदर्भात ती पसरली त्यानंतर. त्याचा जिवाणू इथल्या मातीचा मूळ रहिवासी नव्हता. ज्या वावरात कधीच सोयाबीन नव्हतं, नेहमी पऱ्हाटी (कापूस) नाहीतर संत्रा होता, तिथे पुडी फसली की गाठी जवळपास शून्य. आमच्या वरच्या वावरात हे घडलं. पुडी मी मे महिन्यात आणली आणि टिनाच्या शेडमध्ये बियाण्याच्या पोत्यावर ठेवली. यवतमाळचा मे, त्यावर टिन. जूनपर्यंत त्या पुडीत काळी भुकटी तेवढी शिल्लक होती, जिवाणू नव्हते. चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती त्या हंगामभर पिवळी दिसत राहिली.

याउलट जिथे पंधरा-वीस वर्षं सोयाबीन होत आलं आहे आणि पूर्वी गाठी चांगल्या येत होत्या, तिथे जिवाणू मातीत मुरलेला असतो. तिथे गाठी कमी दिसल्या तर माझा पहिला संशय पुडीवर जात नाही, युरियावर आणि पाण्यावर जातो. तरी मी अशा वावरातही पुडी लावते, कारण मातीतले सगळेच जुने जिवाणू सारखे कर्तबगार नसतात. काही गाठ करतात, पण नत्र कमी देतात.

पुडीचा हिशेब एकदा करून पाहा. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. भुकटीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी. २५० ग्रॅमची पुडी १० किलो बियाण्याला लावली तर, हजार दाण्यांचं वजन ११० ग्रॅमच्या आसपास धरून, सुमारे ९० हजार दाणे होतात. प्रत्येक दाण्याच्या वाट्याला सव्वा लाखाहून जास्त पेशी येतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण उन्हात वाळवताना, विषारी बुरशीनाशकात आणि तापलेल्या कोरड्या मातीत एकामागून एक घट होत गेली की लाखाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही.

घट कुठे होते ते मी पाहिलेल्या क्रमानं सांगते. बियाणं आधीच रंगीत, म्हणजे बुरशीनाशक लावलेलं असतं. तांबेयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन लावलं असेल तर जिवाणूला धडगत नाही. स्ट्रेप्टोसायक्लिन तर जिवाणू मारण्यासाठीच असतं. इतर बुरशीनाशकांचा त्रास कमी-जास्त होतो. म्हणून क्रम पाळायचा: आधी बुरशीनाशक, ते सुकलं की कीटकनाशक, आणि जिवाणू सर्वात शेवटी, पेरणीच्या दिवशीच. आम्ही आता रासायनिक बुरशीनाशकाऐवजी शक्य तिथे ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी वापरतो, त्याचं आणि रायझोबियमचं जमतं. बियाणं फारच औषधी रंगाचं आलं तर पुडी बियाण्याला न लावता बारीक चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या तासात (ओळीत) सोडतो.

गूळ-पाणी म्हणजे लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ. उकळलं तर पूर्ण थंड होऊ द्या. घाईघाईनं कोमट पाण्यात पुडी कालवलेली मी पाहिली आहे. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, म्हणून पोत्यावर बियाणं पसरून हलक्या हातानं लावायचं आणि सावलीत सुकवायचं. अंगणात ऊन दिसलं म्हणून तिथे वाळत घालायचं नाही. दुपारच्या आत तिफणीत गेलं पाहिजे.

आणि धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, करायची असेल तर पुडीवर फार भरवसा ठेवू नका. पाऊस आठ दिवस लांबला तर दाणा टिकेल, जिवाणू टिकणार नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावर पेरा, ही शिफारस उगवणीसाठी सांगतात, पण जिवाणूसाठी ती तितकीच खरी आहे.

गाठी आल्या होत्या, मग कमी झाल्या: युरियाची गोष्ट

शेजाऱ्यांना मी थांबायला सांगितलं. ते अर्धवट थांबले. अर्ध्या वावरात युरिया फेकून झाला, तेवढ्यात झड लागली आणि उरलेली गोणी घरीच राहिली. त्यामुळे न ठरवता एक प्रयोग झाला. आठवड्याभरात युरियाचा भाग काळाशार हिरवा झाला आणि दुसरा भाग अजून पिवळट. घरचे सगळे म्हणू लागले, "पाह्यलं? म्हटलं व्हतं ना!" पंधरा दिवसांनी दुसरा भागही हिरवा झाला, आपोआप. फुलोऱ्यात आम्ही दोन्हीकडची दहा-दहा झाडं खणली. युरियाकडे गाठी मोजक्या आणि बहुतेक पांढऱ्या. दुसरीकडे सोटमुळावर गच्च, कापली की ब्लेडवर गुलाबी डाग. मळणीत दोन्ही भागांत काही फरक जाणवला नाही. एका बाजूचे गोणीचे पैसे मात्र गेले होते.

असं का होतं, ते झाडाच्या बाजूनं पाहिलं तर स्पष्ट होतं. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला जिवाणूला १६ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आणि ८ इलेक्ट्रॉन लागतात, आणि हाती येतात अमोनियाचे दोन रेणू. हा सगळा खर्च झाडाच्या साखरेतून जातो. गाठी वाटेल तितक्या वाढू दिल्या तर झाडाची साखर मुळातच संपेल. म्हणून झाडानं हिशेब ठेवणारी यंत्रणा बसवली आहे. मुळात गाठी धरू लागल्या की मूळ छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे लहान तुकडे, बनवून वर पाठवतं. पानातला एनएआरके नावाचा ग्राही ते वाचतो आणि खाली निरोप धाडतो: पुरे, आता नव्या गाठी नकोत. सोयाबीनमधलं हे जनुक २००३ मध्ये उलगडलं. ते बिघडवलेल्या रोपांवर गाठींचे घोस लागतात, पण रोपं खुरटी राहतात. जास्त गाठी म्हणजे जास्त पीक असं नाही, हे त्यावरून कळतं.

युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचा नायट्रेट होतो. मुळाला नायट्रेट भेटलं की त्याच जातीचा दुसरा पेप्टाइड तयार होतो आणि त्याच यंत्रणेतून तोच निरोप मिळतो: पुरे. फुकट जेवण दारात असताना झाड महागाचा स्वयंपाक का मांडेल? नव्या गाठी थांबतात आणि आधीच्या गाठींचंही काम मंदावतं. दीड महिन्यानं, शेंगा भरताना, युरिया संपलेला असतो आणि गाठीही नसतात. त्या वेळी लागणारा नत्र थोडाथोडका नसतो. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ६ किलो नत्र. एकरी ८ क्विंटल धरले तर नुसत्या दाण्यांतच ४८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोण्यांत मोजलं तर सव्वादोन गोण्यांहून जास्त. एवढा खर्च कोणी करत नाही आणि करूही नये. यातला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा चांगल्या गाठी हवेतून आणतात.

पेरणीच्या वेळी थोडा नत्र द्यायला माझी हरकत नाही, तो त्या उपाशी आठवड्यासाठीच असतो. डीएपीच्या एका गोणीत ९ किलो नत्र येतो, एकराला तो बस होतो. नंतरचा युरिया नको. एकच अपवाद: पस्तीस-चाळीस दिवसांचं पीक झालं, वावरात पाच ठिकाणी झाडं नीट खणून पाहिली आणि खरोखरच गाठी नाहीत. तेव्हा पिकाला उपाशी मारायचं नसतं. १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरियाची फवारणी करा किंवा जमिनीतून नत्र द्या. आमच्या वरच्या वावरात त्या वर्षी मीही दिला.

झडीनंतर गाठी काळ्या, पिळल्या की घाण वास

२०२२ च्या जुलैत पाऊस उघडायचं नावच घेत नव्हता. नाल्याकडच्या आमच्या तुकड्यात पाच-सहा दिवस पाणी साचून होतं. त्यानंतर खणलेल्या झाडांच्या गाठी काळपट आणि लिबलिबीत झाल्या होत्या.

गाठीचा गुलाबी रंग इथे उपयोगी पडतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा सख्खा नातलग. १९३९ मध्ये जपानच्या कुबो यांनी तो ओळखला. त्याचं काम फार नाजूक आहे. नत्र बांधणारं विकर, नायट्रोजनेज, प्राणवायू लागला की कायमचं निकामी होतं. त्याच्या गाभ्यात सात लोह, नऊ गंधक, एक मॉलिब्डेनम आणि मधोमध एक कार्बन अशी जुळणी असते, तिला प्राणवायू चालत नाही. पण जिवाणूला एटीपी बनवायला श्वास घ्यावाच लागतो, म्हणजे प्राणवायू हवाच. गाठीनं हा पेच असा सोडवला आहे: बाहेरचं आवरण प्राणवायू थोडा-थोडाच आत सोडतं, आणि आत आलेला प्राणवायू लेगहिमोग्लोबिन लगेच धरून जिवाणूच्या दारात नेऊन देतं. मोकळा प्राणवायू हजारो पटींनी कमी, तरी पुरवठा अखंड. पांढऱ्या गाठीत ही सोय झालेली नसते, म्हणूनच तिथे काम नाही.

आता मातीच्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की आवरणापर्यंतच प्राणवायू येत नाही. श्वास बंद, एटीपी बंद, नत्र बंद, आणि चार-सहा दिवसांत गाठ सडते. अशा पिकाला युरिया टाकणं म्हणजे श्वास कोंडलेल्याला जेवण वाढणं. पाण्याला वाट करून द्या. वाफसा आला की डवरा चालवा, मातीचं तोंड उघडा. नव्या मुळांवर नव्या गाठी पुन्हा येतात, पण त्याला दोन-तीन आठवडे जातात. त्या तुकड्यात आम्ही पुढच्या वर्षीपासून रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली आणि पाणी सरीतून नाल्याला लागलं. भारी जमिनीसाठी माझ्या अनुभवात यापेक्षा चांगला इलाज नाही.

उलट टोकाचं २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. देशात १९०१ पासूनचा तो सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पान मलूल व्हायच्या आधीच गाठी आक्रसू लागतात. ज्यांच्याकडे विहीर आणि तुषार संच होता त्यांनी फुलोऱ्यात एक पाणी दिलं, त्यांच्या गाठी टिकल्या.

पिवळेपणा नत्राचा आहे ना?

खालची जुनी पानं आधी पिवळी, तर नत्राची उपासमार. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, जिथे सामू (पीएच) ८ च्या वर जातो, हे फार दिसतं, आणि झडीनंतर जास्त. त्याला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस अशी फवारणी. पिवळे-हिरवे चट्टे आणि वावरात पांढरी माशी असेल तर तो मोझॅक हा विषाणूरोग, त्याचा गाठींशी संबंध नाही. लोहाचा आणि गाठींचा मात्र आहे, लेगहिमोग्लोबिन आणि नायट्रोजनेज दोन्हींत लोहच बसलेलं असतं. आमच्याकडच्या जमिनीत मॉलिब्डेनमची मला सहसा काळजी वाटत नाही, सामू चढा असला की ते मुळांना मोकळं मिळतं. त्याची पाकिटं घेण्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, त्यात १६ टक्के स्फुरद आहे आणि ११ टक्के गंधकही.

सोयाबीनची उरलेली पुडी चण्याला चालत नाही

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं आणि शेजारी पुन्हा आले. "एक पुडी उरली हाय. चण्याले लावून टाकू?"

नाही. चण्याच्या मुळाची हाक वेगळी आणि त्याचा जिवाणूही वेगळा, मेसोरायझोबियम सिसेरी. सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमची घुंगरमाळ चण्याचं मूळ ओळखत नाही. तूर, मूग, उडीद आणि भुईमूग चवळीच्या गटातले जिवाणू घेतात, त्यांचा तिसरा कारभार. पिशवीवर पिकाचं नाव आणि मुदतीची तारीख, दोन्ही वाचूनच पैसे द्यायचे, आणि दुकानात पुड्या काचेजवळ उन्हात रचलेल्या दिसल्या तर दुसरं दुकान पाहायचं.

त्यांनी चण्याची पुडी वेगळी आणली, घरी माठाशेजारी गारव्यात ठेवली आणि पेरणीच्या सकाळी लावली. नोव्हेंबरच्या शेवटी संध्याकाळी ते अंगणात आले तेव्हा हातात बादली होती. झाड फावड्यानं काढलेलं, ढेकळासकट भिजत घातलेलं. चण्याच्या गाठी सोयाबीनसारख्या गोल नसतात, त्या टोकाला वाढतच राहतात, म्हणून लांबट आणि बोटं फुटल्यासारख्या दिसतात. खिशातून ब्लेड काढून त्यांनी एक गाठ स्वतःच उभी चिरली. टोकाला पांढरं, मध्ये गुलाबी, बुडाशी किंचित हिरवं. कंदिलाच्या उजेडात धरून ते म्हणाले, "वहिनी, युरिया नाही टाकत मंग."